खांबांसाठी सोडलेली जागा

दुपारचा मुसाफिरखाना मला अजून स्वप्नात येतो. संध्याकाळचा, माणसांनी भरलेला कधी येत नाही. येतो तो दुपारचाच, रिकामा, गार फरशीचा. शहागंजच्या मागच्या गल्लीत निजामाच्या वेळची ती दगडी इमारत होती. पूर्वी म्हणे वाटसरू तिथं उतरायचे आणि त्यांची घोडी अंगणात बांधायचे. माझ्या लहानपणी एका संस्थेनं ती पालिकेकडून मागून घेतली होती आणि ज्यांना या शहरात पाठ टेकायला जागा नाही अशा माणसांसाठी तिचं दार उघडलं होतं. एक लांबलचक दालन, मधे दगडी खांबांच्या दोन ओळी, आणि वरच्या जाळीतून येणारं ऊन. ते ऊन फरशीवरून हळूहळू सरकायचं आणि शाळेतून आले की मी त्याच्या मागं मागं फिरायची. माणसं सगळी कामावर गेलेली असायची, अंथरुणं घड्या घालून भिंतीकडेला लावलेली. पण मला प्रत्येकाची जागा पाठ होती. इथं उस्मानचाचांचं उसं, इथं पंक्चरवाल्याचे पाय, तिथं कोनाड्याजवळ सारजामावशी. कुणाच्या उशाशी पाय पडू नये म्हणून मी वळसा घालून जायची. आमच्या दोन खोल्या दालनाच्या मागच्या अंगाला होत्या. तिथल्या दारातून आई बघायची आणि म्हणायची, "अगं तारे, चक्रम, तिथं कोण नाय, तर कुणाला चुकवतीस?"

आबा, म्हणजे माझे वडील, धनगर. बिडकीनच्या रानात आमची मेंढरं होती. मला त्यातलं थोडंच आठवतं: घोडीच्या पाठीवर बांधलेलं बिऱ्हाड, मांडीवर झोपलेलं कोकरू, पावसात भिजलेल्या लोकरीचा वास. मागं एकदा लेकाच्या गाडीतून तिकडून गेले. आता तिथं रुंद रस्ते आणि कारखान्यांचे निळे पत्रे. म्हटलं, थांब रे, इथं कुठंतरी आमचा पाणवठा होता. तर तो म्हणाला, आई, इथं गाडी थांबवायला मनाई आहे. असो. त्या रानातले शेतकरी आबांना बोलावून घ्यायचे, आमच्या वावरात मेंढरं बसवा म्हणायचे. कळप रात्रभर वावरात बसला की जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं आणि धनगराला त्या बदल्यात धान्य. सकाळी कळप उठला की आबा चुलीचे दगड लांब नेऊन टाकायचे, राख पुरायचे आणि बाभळीच्या फांदीनं सगळी जागा झाडून द्यायचे. खताशिवाय आपली दुसरी खूण मालकाला दिसता कामा नये, हा त्यांचा नेम. "पुढल्या साली बोलावतील का नाय, ते मागं काय ठेवलं त्याच्यावर ठरतं," असं ते म्हणायचे. मग एका पावसाळ्यात कळपात रोग शिरला. उरलेली मेंढरं विकून आम्ही शहरात आलो आणि संस्थेच्या ताईंनी आबांना मुसाफिरखान्याचा रखवालदार केलं.

दिवेलागण झाली की दालनाला आवाज फुटायचा. आधी नळावर हातपाय धुण्याचा, मग खोकल्यांचा, मग ताटल्यांचा. आईच्या चुलीवर येसराच्या आमटीचं भलंमोठं पातेलं रटरटत असायचं. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो खमंग वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि माणसं वासावर घरी यायची, असं आई अभिमानानं सांगायची. तिच्या हाताला भाकरीची अशी लय होती की ती थापायला बसली की मला झोप यायची. उस्मानचाचा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे, पाठीला कायमचा बाक आलेला, पण तोंडाला कधी बाक नाही. ईदेला ते कुठून तरी खलियाचा, मटणाच्या रश्श्याचा डबा आणायचे, सोबत मोठाले नान, आणि मला म्हणायचे, "मुन्नी, डुबा के खा, शरमा मत." आबा एक घास चावून मेंढपाळाच्या अधिकारानं सांगायचे, "चाचा, बोकड लई म्हातारं होतं बरं का." चाचा लगेच, "हौ, तुमको पूछ रहा था." सगळे हसायचे. जेवणं झाली की आबा दारात घोंगडीवर बसून नुसतं ऐकायचे, कुणाचं अंथरूण कुठं पडलं ते. "मेंढरू रोज आपल्याच जागेवर बसतंय, त्याला सांगावं लागत नाय," असं एकदा बोलले. मी म्हटलं, आबा, ही माणसं हायेत. तर म्हणाले, "मग? मेंढराला मी कधी कमी मानलंय का?"

सारजामावशी फर्दापूरची. तिचा लेक सुखदेव अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पाहुण्यांना चमकते दगड विकायचा. गिऱ्हाइकावरून दुसऱ्या एका पोराशी भांडण झालं, हातातल्या दगडानं त्याचं डोकं फुटलं, आणि सुखदेवला हर्सूलच्या जेलात घातलं. मागं दिरांनी मावशीच्या घराला कुलूप लावलं. ती शहरात आली ती लेकाच्या जवळ राहायला, भिंतीच्या अलीकडं का होईना. दिवसा कापडबाजारात शिंप्यांच्या दुकानांपुढं बसून चिंध्या गोळा करायची आणि संध्याकाळी दालनात वाकळ शिवायची. तिची ती वाकळ कधी संपलीच नाही. एक बाजू झिजली की ती दुसरीकडून वाढवत जायची. भेटीच्या दिवशी पहाटे उठून डोक्याला तेल लावायची आणि दिल्ली दरवाज्यातून चालत हर्सूलला जायची. परत आली की आई तिला आधी गरम भाकरी द्यायची, मग विचारायची, "काय म्हणलं लेकरू?" ती म्हणायची, "वाळलंय."

तो कधी सुटणार हे तिला कुणी नीट सांगत नव्हतं. चांगला वागला तर मुदतीआधी सोडतात, एवढं तिच्या कानावर होतं. म्हणून दर भेटीला ती त्याच्याकडून पत्ता घोकून घ्यायची. लिहिता-वाचता दोघांनाही येत नव्हतं, सगळं तोंडी. शहागंजात ये, मुसाफिरखाना कुठंय म्हणून कुणालाही विचार, आत शिरलास की कोनाड्याजवळच्या खांबाला माझं अंथरूण. हे ती मलाही ऐकवायची, जणू मीच सुटून येणार होते. कोनाड्यातला निळा रंग पोपडे धरून उडाला होता. मी तिला म्हटलं, मावशी, मी रंगवून देऊ का? तर म्हणाली, "नको गं बाई. मी त्याला उडालेला सांगितलाय."

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे संस्थेच्या सुलभाताई, सायकलवरून यायच्या, केसांचा अंबाडा कायम सुटायला आलेला. त्यांचं खरं काम मुसाफिरखान्यात नव्हतंच, ते कचेऱ्यांत होतं. धान्य मंजूर करून आणायचं, नळाचं पाणी तोडू नका म्हणून विनवायचं, पोलिसांनी फुटपाथवरून उचललेल्या माणसासाठी रदबदली करायची. त्या म्हणायच्या, माणसाला छप्पर देणं एक वेळ जमतं, त्या छपराला सरकारदरबारी जिवंत ठेवताना नाकी नऊ येतात. तेव्हा मला वाटायचं, ही बाई उगाच दमते. पुढं मी स्वतः तेच काम करत म्हातारी झाले. साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकांवर माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि आता गुडघे बोलतात. लोकांना वाटतं गरिबांची बाजू मांडायची म्हणजे जोरात बोलायचं. छे. बहुतेक वेळ ते नुसतं बसून राहणं असतं, आणि आपल्या माणसांना हाकलू नये म्हणून दुसऱ्याच्या चहाला बरं म्हणणं.

तर त्या साली पालिकेत नवे साहेब आले. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की मुसाफिरखाना ओस पडलाय, संस्था उगाच जागा अडवून बसली आहे, त्यापेक्षा तिथं पालिकेचं सामान ठेवावं. साहेब म्हणाले, मी स्वतः बघतो. ताई सायकल टेकवून घाईघाईनं आबांना सांगून गेल्या, "उद्या दुपारी साहेबांना घेऊन येते. आबा, सगळं नीट दिसू द्या." एवढंच. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांना ठाऊक, आणि आबांनी काय ऐकलं ते आबांना.

जागेचा मालक जागा बघायला येणार, तर धनगर काय करतो? ती झाडून देतो. आबांनी त्या दिवशी मुसाफिरखान्याचं रूपच पालटलं. फरशी पाणी ओतून ओतून धुतली. भिंतींचे कोपरे खरवडले. अंथरुणं, बोचकी, डबे, चाचांची हमालीची गादी, सगळं गच्चीवर नेऊन ताडपत्रीखाली घातलं. आणि माणसांना सांगितलं, उद्या दुपारी कुणी इकडं फिरकायचं नाय. ते सगळ्यांना पटलं. आमच्यात पाहुणा आला की घरच्यांनी अंग चोरायचं, पोरांना बाहेर घालवायचं, बसायची जागा पाहुण्याला द्यायची. पंक्चरवाल्याला ताप होता, त्यालाही चाचांनी खांद्याला धरून शेजारच्या मशिदीच्या ओट्यावर सावलीत नेऊन बसवलं. सारजामावशीनं आपली वाकळ स्वतः गच्चीवर नेली, आणि जाताना कोनाड्यातली तेलाची बाटली सुद्धा पदराखाली घेतली. आईनं चुलीवर पाणी मारलं. मला नवीन परकर घालून दारामागं उभं केलं आणि बजावलं, हुं की चूं करायचं नाय.

साहेब आले. तरुण होते, चष्मा, हातात रुमाल. मी दाराच्या फटीतून बघत होते, आणि मला सगळ्यात आधी ताईंचा चेहरा दिसला. उंबऱ्यात त्यांचं पाऊल अडखळलं. समोर ते दालन, माझं दुपारचं दालन, पण मीसुद्धा इतकं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीकडेच्या घड्याही नाहीत, दोरीवर एक फडकं नाही. जाळीतलं ऊन ओल्या फरशीवर पडून छतापर्यंत हलत होतं. साहेबांचे बूट खांबांमधून टकटक करत टोकापर्यंत गेले आणि परत आले. "फार छान ठेवलंय," ते म्हणाले, अगदी मनापासून. "पण इथं राहतं कोण?"

"माणसं कामावर गेलीत साहेब," ताई म्हणाल्या. "दिवसा इथं कुणी नसतं."

"आणि त्यांचं सामान?"

ताईंनी तोंड उघडायच्या आत आबा पुढं झाले. पागोटं नीट केलेलं, छाती थोडी पुढं. "काय बी ठेवलं नाय साहेब. हुडकून बघा, एक चिंधी सापडायची नाय."

करायला गेलो गणपती अन् झालं माकड, ते असं. साहेबांनी आबांच्या पाठीवर थाप मारली आणि गेले. काही दिवसांनी हुकूम आला की जागा वापरात नाही, महिनाअखेर रिकामी करून पालिकेच्या ताब्यात द्यावी. ताई आल्या, त्यांनी तो पायरीवर बसून वाचून दाखवला. आबांवर त्या एका शब्दानं चिडल्या नाहीत, आणि तेच आबांना जास्त लागलं. ते त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आई चिडचिड करत ताट पुढं सरकवायची आणि मग तीच पदर डोळ्याला लावायची. चाचा, पंक्चरवाला, बाकीचे, ते म्हणायचे, पुन्हा रेल्वे स्टेशनचा फलाट आहेच की, आजवर कुणी मेलं का. ते खरंही होतं आणि खोटंही. सारजामावशी मात्र वाकळ मांडीवर घेऊन बसायची, सुईत दोरा ओवायची आणि तसाच ठेवायची. मी जवळ बसले तर हळूच म्हणाली, "आता भेटीला गेले की त्याला काय सांगू तारे? कुठं ये म्हणू?" मला तिच्यासाठी रडू आलं, आणि खरं सांगायचं तर आमच्या दोन खोल्यांसाठीही आलं.

ताईंनी चकरा सुरू केल्या. त्या जायच्या, साहेब चांगलं बोलायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, ताई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आता डोळ्यांपुढं काय बोलणार? एका संध्याकाळी त्या दमून ओट्यावर बसल्या होत्या, आईनं त्यांच्यापुढं आमटीची वाटी ठेवली होती, तेव्हा आबा बऱ्याच दिवसांनी बोलले. म्हणाले, "आमच्या बापाला एकदा एक शेतकरी असाच भेटला होता. मेंढरं बसवली, सकाळी जागा झाडून दिली, तर तो म्हणतो कसा, कळप बसलाच नाय माझ्या रानात, धान्य कशाचं मागतो? बाप भांडला नाय. भर दुपारी सगळा कळप गावातनं नेला अन् त्याच्या दारात बसवला. बसा म्हणला. बसली मेंढरं."

"मग?" ताईंनी विचारलं.

"मग काय. दाराबाहेर निघायला वाट नाय म्हणल्यावर त्याला मेंढरं दिसली."

ताईंनी आबांकडं बघितलं. मग वाटी तोंडाला लावून एका दमात आमटी प्यायल्या. आपणही तसंच अंथरुणांसकट साहेबांच्या दारात जायचं ठरलं, फक्त त्यांनी दोन अटी घातल्या. एक, कुणी घोषणा द्यायच्या नाहीत, तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही. दुसरी, आधी सगळ्यांना विचारायचं, कारण दिवसाचं काम बुडणार. विचारलं. चाचा म्हणाले, "एक दिन बोझा नहीं उठाया तो मोंढा गिर नहीं जाता." ताईंनी साहेबांची रीतसर वेळ मागून घेतली, मुसाफिरखान्यातली माणसं भेटायला येतील म्हणून कळवलं.

ती दुपार. मी किती वेळा ती मनात चालले असेन. शहागंजातून आम्ही निघालो, डोक्यावर अंथरुणं, काखेत बोचकी. पुढं आबा काठी घेऊन, मागं सगळे, शेवटी आई भाकऱ्यांची टोपली घेऊन. मावशीची वाकळ माझ्या डोक्यावर होती. ती इतकी मोठी झाली होती की तिच्या कडा माझ्या डोळ्यांवर यायच्या आणि मला रस्ता चिंध्यांच्या झालरीतून दिसायचा: सायकली, टांगे, इम्रतीवाल्याची कढई, दुकानातून वाकून बघणारी तोंडं. ऊन असं होतं की सगळं जरा तरंगल्यासारखं. दुकानदार विचारायचे, कुठं निघालात? चाचा सांगायचे, "घर दिखाने." आबांचे ओठ अधूनमधून हलताना मी बघितले. मेंढरं हाकताना ते जिभेनं एक आवाज काढायचे, तोच, फक्त आवाज नव्हता.

टाऊन हॉलकडच्या पालिकेच्या अंगणात कडुनिंबाची झाडं होती. शिपाई धावत आला, ताईंनी त्याला वेळ घेतल्याचं सांगितलं, तो आत विचारायला गेला. आबा म्हणाले, "टाका." आणि सगळ्यांनी अंथरुणं टाकली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पंक्चरवाल्यानं पायाकडून सुरुवात केली, चाचांनी त्याच्या डाव्या अंगाला सतरंजी झटकली, कुणी थोडं सरकलं, कुणी म्हणालं तुझी जागा तिकडं. मी मावशीची वाकळ उलगडून दिली आणि बाजूला उभी राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओळींच्या मधे ठरावीक अंतरावर चौकोनी जागा मोकळ्या राहिल्या होत्या. कुणाचं पांघरूण त्यात गेलं नव्हतं, कुणाचे पाय नव्हते. उघड्या अंगणात, आभाळाखाली, माझ्या माणसांनी खांबांची जागा सोडली होती.

साहेब पायऱ्या उतरून आले. आधी रागावलेच. "ताई, हे काय आंदोलन आहे?"

"नाही साहेब," ताई म्हणाल्या. "तुम्ही बघायला आलात तेव्हा ही माणसं भेटली नाहीत. म्हणून ती आलीत."

साहेब अंथरुणांमधून चालायला लागले. कुणी उठून उभं राहायला लागलं तर आबांनी हातानं बसा म्हटलं. तेवढ्यात साहेबांनी त्या मोकळ्या चौकोनात पाऊल टाकायला उचललं, आणि चाचा बसल्या जागेवरून अगदी सहज म्हणाले, "साहब, संभाल के. वहाँ खंबा है."

कुणी तरी खुदकन हसलं. साहेबांचा पाय तसाच वर. त्यांनी खाली बघितलं, मग वर, कडुनिंबाच्या पानांकडं, मग ओळीनं पुढच्या मोकळ्या चौकोनाकडं, त्याच्या पुढच्याकडं. ते दालन त्यांनी चालून बघितलेलं होतं. त्यांचे बूट त्याच खांबांमधून गेले होते. मी बघत होते, त्यांनी पाय मागं घेतला आणि नसलेल्या खांबाला वळसा घालून पलीकडं गेले. पुढच्यालाही तसाच. एकेका अंथरुणापाशी थांबत ते टोकापर्यंत गेले, कुठं काम करता, कधी येता, विचारत. शेवटी मावशीपाशी आले. "बाई, तुमचं कोण आहे इथं?"

मावशीनं पदर डोक्यावर घेतला. "लेक हाय साहेब, हर्सूलला. त्याला मी ह्योच पत्ता दिलाय. ह्यो खांब." आणि तिनं शेजारच्या मोकळ्या मातीवर हात ठेवला. "दुसरा पत्ता मला नाय."

साहेबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. ताईंनी तेव्हा फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, तुम्ही बघून आलात ती रिकामी जागा हीच." मी आयुष्यात पुढं कितीतरी अर्ज केले, भाषणं ऐकली, स्वतः केली. त्या वाक्याच्या जवळपास जाणारं मला काही जमलं नाही.

"उद्या येतो," साहेब म्हणाले, "दिवेलागणीला." आणि आबांकडं वळून, "तुम्ही झाडू नका."

"थोडंसं तरी साहेब?"

"अजिबात नाही."

आबांनी मान हलवली. पण निघताना सगळ्यांची अंथरुणं उचलून झाल्यावर त्यांनी कडुनिंबाची एक फांदी घेतली आणि पालिकेचं अंगण झाडून दिलं. साहेब खिडकीतून बघत होते, असं शिपाई नंतर सांगायचा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते उंबऱ्यातच थांबले, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. आईनं त्यांना आमटी प्यायला लावली. सरकारी कामाला सरकारी वेळ लागतो, हुकूम मागं घ्यायला बरेच दिवस गेले, ताईंची सायकल तेवढ्यात दोनदा पंक्चर झाली आणि पंक्चरवाल्यानं ती दुरुस्त करून दिली. पण मुसाफिरखाना राहिला. आजही नवा कुणी साहेब निवारा बघायला यायचं म्हणाला की मी म्हणते, दुपारी येऊ नका हो, दिवे लागल्यावर या. त्यांना वाटतं म्हातारीला दुपारी झोपायचं असेल. वाटू दे.

एक बदल मात्र झाला. सकाळी सगळी अंथरुणं गुंडाळायची, हा आबांचा नियम. त्या दिवसानंतर मावशीनं वाकळ उचललीच नाही. कोनाड्याच्या खांबापाशी ती दिवसभर पसरलेली राहायची. आबा झाडत तिथवर आले की मावशी म्हणायची, "ऱ्हाऊ द्या भाऊ. दिवसा कुणी आलं तर त्याला दिसाय पायजे, इथं माणूस ऱ्हातंय." आबांना ते जड गेलं. नियम मोडल्याचं त्यांना दिसायचं तेव्हा ते दुसरीकडं बघायचे.

आणि तो दुपारीच आला. मी उन्हामागं फिरत होते. दारात एक माणूस उभा, डोक्याचे केस बारीक कापलेले, हातात पिशवी. आत रिकामं दालन, गार, चकचकीत, कबुतरांचा आवाज तेवढा. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या तोंडावर तेच आलं जे साहेबांच्या तोंडावर आलं होतं, की इथं कुणी राहत नाही. तो मागं फिरायला लागला. मी हाक मारणार होते, तेवढ्यात फिरता फिरता त्याची नजर कोनाड्यावर गेली. मग खांबावर, मग वाकळीवर. त्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, खांबांमधून सरळ चालत गेला आणि वाकळीच्या कडेवर बसला. मला त्यानं काही विचारलं नाही. मी कापडबाजाराच्या दिशेनं धावत सुटले.

मावशी माझ्या मागून धावत आली, पदरातल्या चिंध्या रस्ताभर सांडत. उंबऱ्यात थांबली. सुखदेव उठायला लागला, तर तिनं हातानं थांबवलं. जवळ गेली, त्याच्याकडं बघितलं, बघतच राहिली. मला वाटलं आता ही मोठ्यानं रडेल.

"पाय धुतलेस का?" ती म्हणाली.

"नाय."

"मग ऊठ. नळ तिकडं हाय. धुऊन ये, अन् मग बस."

तो हातपाय धुऊन आला. तोवर तिनं वाकळ झटकून पुन्हा पसरली होती, आणि तो तिच्यावर आडवा झाला तो झोपूनच गेला, भर दुपारी, जाळीतलं ऊन त्याच्या बारीक केसांवर. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. संध्याकाळ व्हायच्या आधी आबा खराटा घेऊन आले. एका टोकापासून झाडत झाडत कोनाड्यापर्यंत पोचले, त्या दोघांकडं एकदा बघितलं, खांबाला घालावा तसा वळसा घातला आणि पुढची फरशी झाडायला लागले.